फाइल सापडत नाही, म्हणजे सर्व्हर बोलतो आहे

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ३२ संगणक असून त्यांवर फॉग (नेटवर्कवरून अनेक संगणकांवर इमेज चढवणारी मुक्त प्रणाली) सर्व्हरवरून विंडोजची इमेज, म्हणजे तयार स्थापनेची प्रत, चढवली जाते. दिवाळीच्या सुट्टीत जुना सर्व्हर काढून नव्या यंत्रावर फॉगची नवी आवृत्ती बसवली आणि आयपी पत्ता जुनाच ठेवला. आता प्रत्येक संगणकाला पत्ता मिळतो, पण लगेच ‘पीएक्सई-टी०१ : फाइल नॉट फाउंड’ आणि त्याखाली ‘पीएक्सई-ई३बी’ असे दिसून तो थांबतो. केबल आणि स्विच बदलून पाहिले. सर्व्हर पुन्हा बसवावा काय?
— प्रयोगशाळा सहायक, सोलापूर जिल्हा

उत्तर : नको. स्विच बदलण्याचीही गरज नव्हती, कारण ई३बी हा पीएक्सईचा, म्हणजे संगणक नेटवर्कवरून सुरू करण्याच्या पद्धतीचा, संदेश तुमचे नेटवर्क ठीक असल्याचाच पुरावा आहे. डीएचसीपीने (संगणकांना पत्ते वाटणाऱ्या सेवेने) बूट फाइलचे, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फाइलचे, नावच दिले नसते तर ई५३ दिसला असता, आणि नाव मिळूनही ती फाइल पुरवणाऱ्या टीएफटीपी सेवेने उत्तर दिले नसते, म्हणजे ती बंद असती किंवा फायरवॉलने यूडीपी पोर्ट ६९ अडवला असता, तर ई३२ दिसला असता. तुमच्याकडे संगणकाने फाइल मागितली आणि कोणीतरी ‘ती माझ्याकडे नाही’ असे स्पष्ट उत्तर दिले. तेव्हा कोणते नाव मागितले गेले आणि उत्तर कोणी दिले, एवढेच शोधायचे आहे.

माझा पहिला संशय डीएचसीपीच्या पर्याय ६७ वर, म्हणजे बूट फाइलच्या नावाच्या नोंदीवर, आहे. फॉगच्या ०.३२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तेथे ‘पीएक्सईलिनक्स.०’ हे नाव लिहीत असत, १.० पासून फॉग आयपीएक्सईवर (पीएक्सईचे काम करणारा अधिक सक्षम मुक्त प्रोग्राम) गेला आणि जुन्या बायोस पद्धतीच्या संगणकांसाठी ‘अनडिओन्ली.केपीएक्सई’, तर नव्या यूईएफआय पद्धतीसाठी ‘आयपीएक्सई.ईएफआय’ किंवा ‘एसएनपीओन्ली.ईएफआय’ ही नावे आली. डीएचसीपी वेगळ्या यंत्रावर किंवा राउटरवर असेल, तर फॉग बदलला तरी तिथले जुने नाव तसेच राहते, आणि सुट्टीत केलेल्या कामात नेमकी हीच नोंद विसरली जाते. नाव बदलताना लहान-मोठ्या अक्षरांकडे लक्ष द्यावे, कारण लिनक्सला तो भेद कळतो. नावाआधी ‘टीएफटीपीबूट’ या फोल्डरचा मार्गही लिहू नये. सेवा ‘सिक्युअर’ पर्यायाने चालत असेल तर ती त्या फोल्डरलाच मूळ मानते आणि पूर्ण मार्ग दिल्यास त्याच्या आत पुन्हा त्याच नावाचा फोल्डर शोधत बसते.

नाव बरोबर असूनही तोच संदेश आला, तर पर्याय ६६ मधील पत्ता, म्हणजे फाइल देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, पाहावा. जुने यंत्र कोपऱ्यात चालूच राहिले असेल आणि आयपी तोच असेल, तर उत्तर देणारा सर्व्हर आणि तुम्ही फाइल शोधता तो सर्व्हर एकच असेलच असे नाही. (अशा कोपऱ्यातल्या यंत्राने माझा स्वतःचा एक शनिवार खाल्ला आहे.) त्या जुन्या यंत्राची केबल काढून ठेवावी. मग टीएफटीपी-एचपीएच्या (लिनक्सवरील टीएफटीपी सेवेच्या) सेटिंगमध्ये ‘व्हर्बोज’ हा सविस्तर नोंदीचा पर्याय जोडून सेवा पुन्हा सुरू करावी आणि एक संगणक नेटवर्कवरून चालू करावा. सिस्टिम लॉगमध्ये मागितलेले नाव जसेच्या तसे उमटते. संगणक मागणी करत असूनही लॉगमध्ये काहीच आले नाही, तर उत्तर दुसरेच यंत्र देत आहे हे नक्की समजावे.

नाव सुधारल्यावर आयपीएक्सई सुरू होईल आणि ‘डिफॉल्ट.आयपीएक्सई’ मागेल. ती मिळाल्यावर संगणक पुन्हा थांबला, तर तो दोष निराळा आहे. ही छोटी मजकूर-फाइल फॉगचा इन्स्टॉलर तयार करतो व तिच्यात सर्व्हरचा आयपी पत्ता लिहिलेला असतो. स्थापनेच्या वेळी नव्या यंत्राला तात्पुरता वेगळा पत्ता दिला असेल, तर तोच तिथे राहिलेला असण्याची शक्यता आहे. ती फाइल उघडून पत्ता तपासावा.