प्रश्न तुमचे : बॉयलर तडकलेली विक्रांत लढली कशी?

प्रश्न : माझे आजोबा नेव्हीत होते. ते सांगायचे की ७१च्या युद्धात विक्रांतचा बॉयलर बिघडलेला होता. हे खरंय का? मग विमानं उडवली कशी? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आजोबा अगदी बरोबर सांगायचे. विक्रांत म्हणजे आपली विमानवाहू नौका. मुळात जहाज दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं, ब्रिटिशांनी 'हर्क्युलिस' नावानं बांधायला घेतलेलं आणि महायुद्ध संपलं म्हणून अर्धवट सोडून दिलेलं. १९५७ साली आपण ते घेतलं, बेलफास्टला पूर्ण करून घेतलं आणि ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ते 'विक्रांत' म्हणून नौदलात आलं. १९७० मध्ये चारपैकी एका बॉयलरला तडे गेल्याचं लक्षात आलं, आणि इथंच खरी गोची होती, कारण बॉयलरची वाफ फक्त जहाज पळवत नाही, डेकवरून विमान फेकणारं कॅटापल्टसुद्धा त्याच वाफेवर चालतं. विमान उडवताना जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळवून जोरात पळवतात, वारा अधिक जहाजाचा वेग मिळून विमानाला उचल मिळते. आता वाफ कमी म्हणजे वेग कमी, आणि डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वाराही पडलेला!

तरीपण तेव्हाचे नौदलप्रमुख अॅडमिरल नंदांनी तिला मुंबईत बांधून ठेवलं नाही. कराचीकडे हवाई धोका मोठा होता, पूर्व पाकिस्तानात मात्र सेबर या लढाऊ विमानांचं एकच स्क्वाड्रन होतं, म्हणून तिला पूर्वेला धाडलं. तिला बुडवायला पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमला आली, पण विक्रांत तेव्हा अंदमानात लपलेली, आणि इकडे 'राजपूत' हे जुनं जहाज वायरलेसवर मुद्दाम भरपूर संदेश पाठवून आपणच विक्रांत आहोत असं भासवत होतं. गाझी ३-४ डिसेंबरच्या रात्री तिथंच बुडाली. ४ तारखेला विक्रांतच्या सीहॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले, अलीझे विमानंही लढाईत उतरली, आणि पुढचे दिवस पाकिस्तानी सैन्याची समुद्रावाटे पळायची वाट बंदच झाली. विक्रांतचे कॅप्टन स्वराज प्रकाश आणि इंजिनरूममधली माणसं, माझ्या मते या दोघांचंही श्रेय सारखंच आहे, खालच्यांची नावं कुणी घेत नाही एवढंच.

प्रश्न : ती विक्रांत आता कुठे बघायला मिळेल? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही मिळणार, आणि हे लिहिताना वाईट वाटतं. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली, मुंबईत म्युझियम म्हणून होती, मग धोकादायक ठरवून २०१२ मध्ये बंद केली आणि २०१४-१५ मध्ये मुंबईतल्याच दारूखाना भागातल्या जहाजं तोडायच्या यार्डात तोडली. 'विराट' या दुसऱ्या विमानवाहू नौकेचंही तेच झालं. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं तिला सिंधुदुर्गात निवतीजवळ ठेवायचा ८५२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला होता, पण २०२० मध्ये ती गुजरातेत अलंगला भंगारात गेली. एवढी किनारपट्टी असलेल्या राज्याला दोनपैकी एक तरी जहाज वाचवता यायला हवं होतं.

विमानं मात्र बघता येतात. गोव्यात दाबोळीला बोगमाळोजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात सीहॉक आणि अलीझे दोन्ही ठेवलीत, मुलांना घेऊन जरूर जा. आणि नवी विक्रांत, कोचीत आपणच बांधलेली, २ सप्टेंबर २०२२ पासून नौदलात आहे. त्याच दिवशी नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवरायांच्या राजमुद्रेचा अष्टकोन आला.