वसंतात चार-पाच वर्षांच्या मुलांना निसर्गफेरीला नेलं की लगेच कंटाळतात. काय करावं?

चालायचं अंतर विसरा, फुललेलं एकच झाड गाठा. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर उत्तम. खाली पडलेली जाड लाल फुलं मुलांना मनसोक्त हाताळू द्या, पाकळ्या मोजू द्या (पाच असतात), आतले पुंकेसर विस्कटू द्या. वर मैना, बुलबुल, सूर्यपक्षी मधासाठी झोंबत असतात. कोणी कोणाला हाकललं, हे मुलांनाच सांगू द्या. नावं मात्र पाठ करून घेऊ नका, त्यानेच मुलं वैतागतात. कोकीळ ओरडला की तसंच ओरडायला सांगा, बऱ्याचदा तो उत्तर देतो! पिंपळाची तांबूस कोवळी पालवी गालाला लावून बघायलाही फार आवडतं. उन्हाआधी परता, पाणी न्या. सावरीच्या खोडावर टोकदार काटे असतात, तेवढं सांभाळा.