मणक्याच्या गादीसाठी ॲल्जिनेट-जिलेटिन जेल: सातव्या दिवशी ते ढेपाळतं कशामुळे

प्रश्न थोडक्यात असा. मिरजेत एम.एस्सी.चा प्रकल्प चालू आहे. शेळीच्या मणक्यांमधल्या गादीच्या गरातल्या (न्यूक्लियस पल्पोसस) पेशी २% ॲल्जिनेट (समुद्री शेवाळातला, कॅल्शियमनं घट्ट होणारा पदार्थ) आणि १% जिलेटिनमध्ये मिसळल्या, ५ मिमी जाडीच्या चकत्या ओतल्या, कॅल्शियम क्लोराईडात बुडवून घट्ट केल्या. सातव्या दिवशी चकत्या लिबलिबीत झाल्या आणि मधल्या पेशी मेल्या, हायड्रॉक्सिप्रोलिनचा (कोलॅजन मोजायची खूण) आकडा मात्र पहिल्या दिवसापासूनच भरघोस. आता त्याऐवजी कायटोसॅन (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासूनचं पॉलिमर) घ्यावं का, आणि गादीत टोचलेलं जेल सुईच्या वाटेनं परत बाहेर का येतं?

कायटोसॅनची घाई करू नका. तुमच्या बहुतेक तक्रारी धुण्यातून, जाडीतून आणि मोजणीतून आल्या आहेत. पॉलिमर बदललंत तरी त्या मागे मागे येतीलच.

आधी ढेपाळण्याचं बघू. न जोडलेलं जिलेटिन ३७ अंशांना वितळतं. इन्क्युबेटरमध्ये ठेवल्यावर ते हळूहळू माध्यमात (पेशींच्या पोषक द्रावणात) निघून जातं आणि जेलमध्ये उरतं फक्त ॲल्जिनेट. म्हणजे वजनातली पहिली घट ही जिलेटिनचीच. दुसरं कारण पीबीएस, म्हणजे धुण्यासाठी वापरतात ते फॉस्फेटयुक्त मिठाचं द्रावण. त्यात कॅल्शियम नाही, आणि फॉस्फेट आहे सुमारे १० मिलीमोलर. दर वेळी माध्यम बदलताना पीबीएसनं धुतलंत की ॲल्जिनेटच्या साखळ्या बांधून ठेवणारं कॅल्शियम तुम्ही स्वतःच काढून घेता. ट्रिप्सिन-ईडीटीएचा (पेशी सुट्या करायचं द्रावण) थेंबही तेच करतो. धुण्यासाठी हे द्रावण करून ठेवा: एक लिटरला सोडियम क्लोराईड ८.२ ग्रॅम, हेपेस (पीएच स्थिर ठेवणारं बफर) ४.७७ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराईड डायहायड्रेट ०.२९ ग्रॅम, पीएच ७.४. लाइव्ह-डेड रंगाच्या (जिवंत पेशी हिरव्या, मेलेल्या लाल दाखवणारा) आधी आणि नंतरही हेच वापरायचं.

पाण्याकडेही लक्ष द्या. आपल्या भागात बोअरचं पाणी जड, म्हणजे कॅल्शियमयुक्त, असतं. आरओची मेंब्रेन जुनी झाली असेल तर ॲल्जिनेट विरघळवतानाच गुठळ्या आणि तंतू दिसू लागतात, आणि दोष पावडरीला दिला जातो. डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात ०.९% मीठ घाला, पावडर ढवळत ढवळत भुरभुरा आणि रात्रभर ठेवा. माध्यमात थेट विरघळवू नका, डीएमईएममध्ये (पेशी वाढवायचं नेहमीचं माध्यम) १.८ मिलीमोलर कॅल्शियम असतं. ऑटोक्लेव्ह केल्यास साखळ्या तुटून द्रावण पातळ होतं, म्हणून आधी ०.४५ आणि मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. २% द्रावण फिल्टर अडवतं, १.२% कमी चिकटपणाचं असेल तर जातं.

आता जाडी. ५ मिमीची चकती कॅल्शियम क्लोराईडात बुडवली की आधी बाहेर कातडी धरते आणि आतलं मागाहून, तेही असमान घट्ट होतं. दाबून बघितलं तर छान कडक लागतं, चिरून बघितलं की खरं कळतं. यावर दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मण्यांचा, आणि तुमच्या प्रकल्पाला मी हाच सुचवेन. १.२% ॲल्जिनेट, मिलीलिटरला ४० लाख पेशी, २२ गेजच्या सुईतून थेंब थेंब १०२ मिलीमोलर कॅल्शियम क्लोराईडात सोडायचे, १० मिनिटं थांबायचं, ०.९% मिठाच्या पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं, मग माध्यम. १०२ मिलीमोलर म्हणजे डायहायड्रेट असेल तर १०० मिलीत १.५ ग्रॅम आणि निर्जल असेल तर १.१३ ग्रॅम. बाटलीवरचं लेबल न वाचता एकाच्या जागी दुसरं घेतलं जातं, ते सांभाळा. पेशी परत हव्या असतील तर ५५ मिलीमोलर सोडियम सायट्रेटमध्ये मणी विरघळतात. ही सोय कोलॅजन किंवा जोडलेल्या जिलेटिनच्या जेलमध्ये मिळत नाही.

दुसरा मार्ग चकतीच हवी असेल तर, म्हणजे दाबाची चाचणी करायची असेल तेव्हाचा. कॅल्शियम आतूनच सोडायचं. १० मिली जेलसाठी ॲल्जिनेट १५० मिग्रॅ, बारीक कॅल्शियम कार्बोनेट ३० मिग्रॅ, जीडीएल (ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन) १०७ मिग्रॅ. कार्बोनेट आणि जीडीएलचं मोलर प्रमाण १:२ राहिलं की शेवटी पीएच उदासीनच्या आसपास येतो. जीडीएल वाढवलंत तर जेल लवकर धरेल, पण पेशींना आम्ल लागेल. जीडीएल अगदी शेवटी, ताजं विरघळवून घालायचं, कारण पाण्यात पडल्यापासूनच ते आम्ल होऊ लागतं. कार्बोनेट जाडसर असेल तर तळाशी बसतं आणि चकती खालून कडक, वरून मऊ होते.

मधल्या पेशी का मेल्या? गादी हा शरीरातला सर्वांत मोठा रक्तवाहिन्यारहित भाग. गराला अन्न पोचतं ते वरच्या-खालच्या एंडप्लेटमधून (मणक्याला लागून असलेला कूर्चेचा पातळ थर) झिरपत. म्हणूनच प्रौढ माणसाच्या गरात पेशी विरळ असतात, घन सेंमीला सुमारे ४० लाख. जास्त पेशी म्हणजे जास्त काम असं वाटून लोक दोन कोटी घालतात, आणि जाड जेलच्या मध्यभागी ग्लुकोज संपतं. या पेशी ऑक्सिजनशिवाय काही दिवस तग धरतात, ग्लुकोजशिवाय नाही. त्यामुळे पेशी मेलेल्या दिसल्या की आधी जाडी आणि पेशींची संख्या तपासा, विषारीपणाचा विचार नंतर. माध्यमाची ऑस्मोलॅरिटीही (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) बघा. गादीत ती ४०० मिलीऑस्मोलच्या वर असते, साध्या माध्यमात ३००च्या आसपास. लिटरला ५ मोलर मिठाचं १० मिली द्रावण घातलं की सुमारे १०० वाढते. व्हिटॅमिन सी (२५ ते ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली) विसरू नका, त्याशिवाय कोलॅजन नीट बनत नाही.

हायड्रॉक्सिप्रोलिनचं कोडं सोपं आहे. जिलेटिन म्हणजे शिजवलेलं कोलॅजन, त्यामुळे तुम्ही मोजलंत ते बाटलीतलं हायड्रॉक्सिप्रोलिन. तरुण माणसाच्या गादीच्या गरात जीएजी (पाणी धरून ठेवणाऱ्या ऋणभारित साखर-साखळ्या) आणि हायड्रॉक्सिप्रोलिनचं गुणोत्तर सुमारे २७:१ असतं, कूर्चेच्या एंडप्लेटमध्ये सुमारे २:१. पेशी गादीच्या वळणावर आहेत की कूर्चेच्या, हे सांगणारा हा हाताशी असलेला सर्वांत स्वस्त आकडा, आणि जिलेटिन घालून तो तुम्ही घालवून बसलात. जिलेटिन ठेवायचंच असेल तर टाइप २ कोलॅजन अँटिबॉडीनं दाखवा. जीएजीच्या डीएमएमबी (निळ्या रंगाच्या) चाचणीतही सापळा आहे: ॲल्जिनेट स्वतः ऋणभारित असल्यानं रंग पकडतं. रंगद्रावणाचा पीएच १.५ ठेवला की ॲल्जिनेटचे कार्बॉक्सिल गट भार सोडतात, जीएजीचे सल्फेट गट सोडत नाहीत. हायलुरोनन (सल्फेट नसलेलं जीएजी) मिसळलेल्या जेललाही हाच उपाय. आणि प्रत्येक दिवसाला बिनपेशींचं जेल सोबत ठेवा, त्याचा आकडा वजा करा. मार्गदर्शक म्हणाले की एकदाच पुरे, तरी ऐकू नका.

कायटोसॅनचा एक खरा फायदा आहे: ते धनभारित असल्यानं पेशींनी बनवलेलं जीएजी जेलमध्ये धरून ठेवतं. पण बीटा-ग्लिसरोफॉस्फेटसोबतचं कायटोसॅन ऊब लागली की घट्ट होतं. सांगली-मिरजेच्या एप्रिलमध्ये वीज गेली आणि एसी बंद पडला की ते सिरिंजमध्येच धरेल. सिरिंज बर्फात ठेवावी लागेल. शिवाय ग्लिसरोफॉस्फेट जास्त झालं की ऑस्मोलॅरिटी इतकी चढते की पेशी त्यानंच मरतात.

(सांगलीत राहून जेलमध्ये हळद घालायचा मोह सगळ्यांना होतो, २०१८ पासून भौगोलिक मानांकनही आहे. पण करक्युमिन स्वतःच हिरवं चमकतं, कॅल्सीनच्याच (लाइव्ह-डेडमधल्या हिरव्या रंगाच्या) पट्ट्यात. मेलेल्या पेशीही जिवंत दिसतील.)

टोचलेलं जेल परत येतं, कारण निरोगी गादीत रिकामी जागाच नसते. उभं राहिल्यावर माणसाच्या कमरेच्या गादीत दाब सुमारे ०.५ मेगापास्कल, पाठ वाकवून २० किलो उचलताना २.३. तुमचं जेल काही किलोपास्कलचं, सुईच्या भोकातून तेच आधी निसटणार. आधी ट्रिप्सिन किंवा कॉन्ड्रॉइटिनेज (गर पचवणारी विकरं) टोचून गर कमी करा, मग जेल भरा. सुईचा व्यास गादीच्या उंचीच्या ४०% च्या आत ठेवा, नाहीतर कड्याला (ॲन्युलस) केलेली इजाच निकालात उतरेल. गादी ३ मिमी असेल तर २२ गेज (०.७ मिमी) चालते, १८ गेज (१.२७ मिमी) नाही.

शेवटी पेशींचा माल. परदेशी पद्धतींत बैलाच्या शेपटीच्या गाद्या असतात. प्राणी संरक्षण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात तो पर्याय नाही. परवानाधारक कत्तलखान्यातून म्हशीची शेपटी किंवा प्रौढ शेळीचा कमरेचा कणा घ्या, अखंड, बर्फावर, आणि त्याच दिवशी उघडा. ससा, उंदीर किंवा डुकराच्या गादीत नोटोकॉर्डल (भ्रूणावस्थेतल्या) पेशी टिकून असतात, प्रौढ माणसात नसतात, म्हणून तिथले निकाल जास्त गोड दिसतात. मिरजेतल्या शस्त्रक्रियांमधून निघालेला गादीचा तुकडा मिळवायचा असेल तर नीतिसमितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती आधी हवी. तोही निव्वळ गर नसतो, त्यात कडं, एंडप्लेट आणि दाहाचं ऊतक मिसळलेलं असतं. कात्रीनं वेगळं केल्याशिवाय प्रोनेजमध्ये (ऊतक विरघळवणारं विकर) टाकू नका.