छत्री उघडली की हळूच उतरते, असं कोणी सांगितलं?

मागे एकदा स्कायडायव्हिंगवर चार ओळी लिहिल्या आणि फसलो. तेव्हापासून रोज मेसेज येऊन राहिले, आणि त्यातल्या निम्म्या लोकांचा गोंधळ एकच आहे, पॅराशूटची छत्री किती वेगाने जाते, फक्त शब्द वेगळे. मी वायुसेनेत पॅरा जंप इन्स्ट्रक्टर होतो, आग्र्याला शिकलो, तिथेच शिकवलं, रिटायर झाल्यावर नागपुरात घर केलं, मधल्या काळात बाहेरदेशी जाऊन छोट्या वेगवान कॅनोपी, म्हणजे छत्र्याच, पण उडवल्या (आणि एकदा पाय मोडून घेतला, ते खाली येईलच). तर एकदाचे सगळे प्रश्न घेतो, म्हणजे परत परत टाइप करायला नको.

प्रश्न (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, प्रतापनगर): सर, एका रीलमध्ये पॅराशूटवाले ५०० किमी वेगाने जातात म्हणतात, आमचे काका फौजेत होते ते म्हणतात २०. खरं काय?

दोघंही बरोबर आहेत, फक्त तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोघांकडेही नाही. ५०० च्या वरचा आकडा स्पीड स्कायडायव्हिंगचा, म्हणजे छत्री उघडायच्या आधी डोकं खाली करून बाणासारखं पडतात तेव्हाचा. पोटावर साधं पडलं तर १९०-२०० च्या आसपास. काकांचा २० बहुतेक फौजेतल्या गोल छत्रीचा, आणि तो पण खाली उतरायचा वेग.

तू विचारतोस ती चौकोनी, हवा भरून पंखासारखी होणारी छत्री. ती नुसती पडत नाही, उडते. शिकाऊ माणसाची मोठी छत्री पुढे ३५-४० किमीने जाते, नेहमीची स्पोर्ट छत्री ४५-५० ने, आणि हाय परफॉर्मन्स वाली, म्हणजे व्हेलॉसिटी, व्हल्कीरी, पेट्रा या जातीची, काहीही न करता सरळ ६५ ते ८० ने जाते. तिला सूर मारायला लावलं की १२० ते १५०. कॅनोपी पायलटिंगच्या स्पर्धेत ७० मीटरचा वळणदार कोर्स असतो, जमिनीला जवळजवळ चिकटून जायचं, आणि वरचे लोक तो दोन सेकंदांच्या थोडं वर संपवतात. सव्वादोन सेकंद धर, ११२ किमी झाले. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे, तिथे निदान बंपर आणि एअरबॅग तरी असते, इथे पुढे तुझे दोन बूट.

प्रश्न (सोमलवाड्याहून): माझ्या मित्राच्या जीपीएसवर साध्या छत्रीत ९० दाखवलं. म्हणजे तो एक्सपर्ट झाला का?

नाही. त्याला मागून वारा होता. जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतो, छत्रीला फक्त हवेतला वेग कळतो. ५० ची छत्री आणि पाठीमागून ४० चा वारा, झाले ९०. तीच छत्री वाऱ्याकडे तोंड करून १० ने रांगली असती, पण तो स्क्रीनशॉट कोणी टाकत नाही. आणि खरं सांगायचं तर ४० च्या वाऱ्यात त्याला विमानातून उतरू कोणी दिलं, हे मला आधी विचारावंसं वाटतं.

प्रश्न (शिक्षिका, धरमपेठ): छत्रीला इंजिन नाही, मग वेग येतो कुठून?

चांगला प्रश्न, मॅडम. वेग येतो उंचीतून. म्हणजे उंची विकायची आणि वेग घ्यायचा. पायलट डोक्यावरच्या पुढच्या पट्ट्यांचे, म्हणजे फ्रंट रायझरचे, लूप धरून खाली ओढतो, छत्रीचं नाक खाली जातं, मग शरीर एका बाजूला झुकवून तो वळण घेतो, ९० अंश, २७०, मोठे लोक ४५० आणि त्याहून जास्त. वळताना छत्री आणि माणूस जवळजवळ एका पातळीत येतात, खालून पाहिलं तर तो छत्रीला लटकलाय की छत्री त्याला लटकलीय तेच कळत नाही. मग रायझर सोडले की छत्री स्वतःच सावरून सपाट होते आणि सगळा खालचा वेग पुढच्या वेगात बदलतो. याला स्वूप म्हणतात. आवाज ऐका कधी, दोऱ्या अशा किंचाळतात की संक्रांतीला ताणलेला मांजा कानाजवळून गेल्यासारखं वाटतं. स्पर्धेतले लोक तर हवेचा अडथळा कमी करायला स्लायडर, म्हणजे उघडताना झटका कमी करणारा दोऱ्यांवरचा कापडी चौकोन, तो पण वरच सोडवून काढून घेतात. अशा वेगावर दोनशे मीटरच्या पुढे जमिनीलगत गेलेले लोक आहेत.

वळण किती उंचीवर सुरू करायचं ते मी लिहिणार नाही, कोणी कितीही विचारलं तरी. ते छत्रीप्रमाणे, वजनाप्रमाणे, त्या दिवशीच्या हवेप्रमाणे बदलतं, आणि कागदावरचा आकडा वाचून कोणीतरी करून पाहतो.

प्रश्न: टँडममध्ये पण एवढा वेग असतो का? बायको घाबरते.

नाही. टँडममध्ये इन्स्ट्रक्टरला बांधून दोघं एकाच छत्रीखाली उतरता, आणि ती छत्री ताडपत्रीएवढी असते. वहिनींना घेऊन जा.

प्रश्न (मनीषनगर): ऑटोमॅटिक उघडणारं यंत्र लावलं तर वेगवान लँडिंगमध्ये पण जीव वाचतो ना?

नाही, आणि हा गैरसमज वाईट आहे. सायप्रससारखं यंत्र १९९१ पासून मिळतं, हजारो फुटांवरून पडताना माणूस बेशुद्ध झाला किंवा भान राहिलं नाही तर ते रिझर्व्ह, म्हणजे राखीव, छत्री उघडतं. नेहमीचं मॉडेल साधारण २२५ मीटरवर बघतं की हा अजून सेकंदाला ३५ मीटरने, म्हणजे १२६ किमीने, खाली येऊन राहिला का. छत्री व्यवस्थित उघडली असेल तर ते गप्प बसतं. तुम्ही चुकीच्या उंचीवर वळून जमिनीत जाऊन राहिले हे त्याला कळत नाही. उलट भानगड अशी की तरबेज स्वूपर सुरात एवढा वेग पकडतो की यंत्राला वाटतं हा पडतोय, आणि चांगल्या छत्रीखाली रिझर्व्ह पण बाहेर. म्हणून त्यांच्यासाठी सेकंदाला ४३ मीटर वेगावर चालणारं वेगळं मॉडेल काढावं लागलं. तुमच्यासाठी कुठलं, ते तुमचा रिगर, म्हणजे छत्र्या तपासून घडी घालणारा, सांगेल, दुकानदार नाही.

प्रश्न (आयटीवाला, सध्या वर्धा रोड): माझे ९० जंप झाले, सगळे परदेशात. वजन ६२ किलो. एका ग्रुपवर १२० चौरस फुटाची सेकंडहँड एलिप्टिकल कॅनोपी अर्ध्या किमतीत मिळून राहिली. विकणारा म्हणतो हलक्या माणसाला चालते. घेऊ का?

नको घेऊस. आता बस जरा, हे लांब आहे.

आधी हिशोब. छत्रीवरचा भार म्हणजे विंग लोडिंग, सामानासकट वजन पाउंडात आणि भागिले छत्रीचे चौरस फूट. तू ६२, सामान १२ धरू, ७४ किलो म्हणजे १६३ पाउंड. १२० वर १.३६. कमी वाटतं ना? विकणारा हेच दाखवतो. पण जगभर इन्स्ट्रक्टर लोक जो ढोबळ हिशोब धरतात तो १०० जंपपर्यंत १.० च्या आत, पुढे दर शंभराला ०.१. त्याप्रमाणे १.३६ ला तुझे चारशेच्या वर जंप हवेत, आणि त्या हिशोबात पण लहान छत्रीला जास्तीची सूट कापतात. कारण छत्री लहान झाली की दोऱ्या आखूड होतात, आखूड झुल्यासारखी ती पटकन वळते. त्याच १.३६ ला १७० ची छत्री आणि १२० ची छत्री या दोन वेगळ्या गाड्या आहेत. हलक्या माणसाला चालते हे वाक्य म्हणूनच उलटं आहे, हलक्या माणसाला जास्त सांभाळावं लागतं. वरून एलिप्टिकल, म्हणजे टोकं निमुळती, एका हाताने टॉगल, म्हणजे वळवायची आणि ब्रेकची मूठ, दोन इंच जास्त ओढलास तर तुझ्या मनात यायच्या आधी ती वळलेली असते.

आणि वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. हे तुला कॉलेजात शिकवलंय.

माझा पाय सांगतो. तेव्हा माझे फौजेतले शेकडो जंप झाले होते, गुर्मी होती. परदेशातल्या एका ड्रॉप झोनवर, म्हणजे जंपच्या मैदानावर, माझी छत्री मिळाली नाही म्हणून दोन साइझ लहान भाड्याने घेतली, कोणी विचारलं पण नाही की आधी उडवलीस का. सगळं छान उघडलं. खाली आल्यावर बघतो तर वाऱ्याची दिशा फिरलेली, समोर कुंपण, आणि मी सवयीने उजवा टॉगल खेचला, जसा माझ्या मोठ्या छत्रीवर खेचला असता. माझी छत्री पंचवीस-तीस अंश वळून थांबली असती. ही नव्वद वळली आणि नाक खाली टाकलं. गवताची पाती वेगवेगळी दिसली तेवढं आठवतं. घोट्यात प्लेट, चार महिने काठी, अजून पावसाळ्यात दुखतो. छत्रीत काही बिघाड नव्हता राजेहो, बिघाड माझ्या हातात होता. या खेळात लोक न उघडलेल्या छत्रीला भितात, पण किती जण उत्तम उघडलेल्या छत्रीखाली, शेवटच्या दोनशे फुटांत मोडले किंवा गेले, ते कोणत्याही जुन्या इन्स्ट्रक्टरला विचार. कुंपणाकडे जात असशील तर आधी दोन्ही टॉगल सारखे अर्धे ओढ, मग हातांत थोडासाच फरक ठेवून हळू सपाट वळ, नाहीतर वाऱ्याबरोबरच फ्लेअर करून, म्हणजे शेवटी दोन्ही टॉगल खेचून वेग मोडून, घसरत उतर, पँट फाटेल, पाय राहील. हे पण आधी उंचावर इन्स्ट्रक्टरसमोर शंभरदा करून बघायचं असतं.

आता त्या विकणाऱ्याबद्दल. "लाइक न्यू, लो जंप्स" सगळेच लिहितात. दोऱ्या कशाच्या आहेत, किती जंपनंतर बदलल्या, हे विचार आणि तो कसा गप्प होतो बघ. स्पेक्ट्राच्या दोऱ्या स्लायडरच्या घर्षणाने तापून आखडतात, व्हेक्ट्रनच्या आखडत नाहीत पण झिजून तुटतात. ब्रेकची दोरी दोन इंच आखडली की छत्री कायम थोडी ब्रेकमध्ये उडते आणि फ्लेअरला काही उरत नाही. अर्धी किंमत म्हणून खुश होशील आणि नवीन लाइन सेटमध्ये, नाहीतर रामदासपेठेतल्या ऑर्थोपेडिककडे, उरलेली अर्धी जाईल. जिथे जंप केलेस तिथल्या चीफ इन्स्ट्रक्टरला लॉगबुक दाखव, कॅनोपी कोर्स कर, आहे त्या छत्रीवर प्रत्येक वाऱ्यात ठरल्या जागी उभ्याने उतरता येतं का ते बघ. ते झालं की एकच साइझ खाली.

प्रश्न (नरेंद्रनगर): आपल्या उन्हाळ्याचा छत्रीच्या वेगावर परिणाम होतो का?

होतो, आणि लोक हसण्यावारी नेतात. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, पण मे महिन्याच्या दुपारी ४५ डिग्रीत हवा एवढी विरळ होते की छत्रीला ती दीड हजार मीटरवरच्या हवेसारखी लागते. जानेवारीच्या गार सकाळपेक्षा तीच छत्री तोच माणूस साधारण ६ टक्के जास्त वेगाने येतो, आणि सुरातून सावरायला जास्त उंची खातो. साध्या छत्रीवर दोन पावलं जास्त पळावं लागेल. स्वूपरने थंडीतला अंदाज उन्हाळ्यात वापरला तर त्याची चूक मीटरात निघते. दुपारी गरम जमिनीवरून उठणारे भोवरे वेगळेच. गरमीत स्थानिक इन्स्ट्रक्टरला विचारल्याशिवाय काही नवीन करू नये.

प्रश्न: गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दोन वर्षं झाली. जंप करू का?

मला नका विचारू, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना विचारा. लेखी घ्या.

प्रश्न (गोंधळलेला बाप, हुडकेश्वर): मुलाला हे वेगवान छत्रीचं शिकायचंय, वायुसेना नगरच्या एअर शोमध्ये वायुसेनेच्या आकाशगंगा या स्कायडायव्हिंग टीमला पाहिलं तेव्हापासून. नागपुरात शिकवतात का? एक जण सात दिवसांत प्रो बनवतो म्हणे.

नागपुरात नाही. फ्लाइंग क्लब विमान चालवायला शिकवतो, विमानातून उतरायला नाही. देशात हरियाणात नारनौलला नियमित जंप होतात, तिथे आधी एक टँडम करू द्या, बहुतेकांची हौस तिथेच फिटते. त्यानंतर पण हवं असेल तर रीतसर लायसन्स कोर्स, तिथल्या इन्स्ट्रक्टरला भेटून, परवानग्या आणि विम्याचे कागद स्वतः वाचून. वेगवान छत्री ही त्यानंतर कित्येक वर्षांनी आणि शेकडो जंपनी येते. सात दिवसांवाल्याला पैसे देऊ नका, दिले असतील तर मागून घ्या.

पोराला एखाद्या रविवारी सकाळी माझ्याकडे पाठवा. जुनी छत्री अंगणात पसरतो, दोऱ्या हातात घेऊन बघू दे.