लढाईच्या धामधुमीत औटघटकेच्या सरकारांनी पाडलेली सोन्याची नाणी: सगळ्यात भारी कोणतं?

मला विचाराल तर वेल्ड पाउंड, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअरांनी, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या डच वंशाच्या लोकांनी, इंग्रजांशी लढताना पाडलेलं. दिसायला अगदीच साधं, एका बाजूला झेड ए आर (त्यांच्या ट्रान्सवाल प्रजासत्ताकाच्या डच नावाची आद्याक्षरं) ही अक्षरं एकमेकांत गुंतवलेली आणि खाली 1902, दुसऱ्या बाजूला डच भाषेत ‘एक पाउंड’, बास. राजाचं तोंड नाही, नक्षी नाही, काही नाही.

आता तुम्ही म्हणाल ट्रान्सवालचं बोअर प्रजासत्ताक कुठे औटघटकेचं होतं, ते 1852 पासूनचं. बरोबर आहे, पण जून 1900 ला इंग्रजांनी प्रिटोरिया घेतलं, अध्यक्ष क्रुगर त्याच वर्षी युरोपला निघून गेले आणि मागे उरलं ते विंचवाच्या बिऱ्हाडासारखं पाठीवरचं सरकार, आज या रानात उद्या त्या डोंगरात. टांकसाळ पण प्रिटोरियाबरोबर गेली. नोटा छापत होते म्हणा, पण हरत आलेल्या सरकारच्या कागदावर धान्य कोण देणार? सोनं पाहिजे. मग पिलग्रिम्स रेस्ट नावाच्या खाणीच्या गावात रानातच टांकसाळ मांडली, कारण तिथे सोनं हाताशी होतं. ठसे कोरले कोणी, तर क्लॉपर्स नावाच्या शाळामास्तरांनी! म्हणून ते नाणं असं हाताने कोरल्यासारखं दिसतं आणि मला तेच आवडतं.

गंमत अशी की नेहमीचा पाउंड 22 कॅरेटचा, त्यात तांबं असायचं. या लोकांनी ती भानगडच केली नाही, जवळजवळ शुद्ध सोनं तसंच ठोकलं. म्हणजे गरिबीत निघालेलं नाणं कसाला जास्त चोख. एकूण 986 नाणी पाडली, 31 मे 1902 ला तह झाला आणि खेळ खलास. आता लिलावात भाव ऐकून चक्कर येते.

मी याच्या नादी लागलो त्याला कारण आमचं नगर, त्या लढाईतले बोअर कैदी इंग्रजांनी पार इथे आणून ठेवले होते, लहानपणी ऐकलं तेव्हा थाप वाटलेली. माझ्याकडे अर्थात मुलामा दिलेली नक्कल आहे, एका प्रदर्शनात खरं म्हणून गळ्यात मारत होते, वजन करायला सांगितलं तर गडी काटाच काढेना. शेवटी नक्कल म्हणूनच दीडशेला घेतली.