बालआरोग्य संशोधनाच्या जर्नलची सूत्रे नव्या संपादकांकडे आली, तर पहिल्या दोन वर्षांत त्यांनी काय करावे?

आपण लिहिले आहे की बालआरोग्य संशोधनाच्या एका जर्नलच्या नव्या संपादक मंडळावर आपली निवड झाली असून इंडेक्सिंग (म्हणजे संशोधनाच्या मान्यताप्राप्त सूचींत जर्नलची नोंद होणे), इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या लेखांचे सरासरी किती उल्लेख होतात तो आकडा) आणि विशेषांक यांपैकी कशाला आधी हात घालावा, हा आपल्यापुढे प्रश्न आहे. मी अशाच एका छोट्या जर्नलचा सहा वर्षे सहसंपादक होतो. माझ्या मते या तिन्हींपैकी एकालाही आधी हात घालू नये. आधी कपाटातली नकारपत्रांची फाइल काढावी आणि मागच्या मंडळाने काय काय परत पाठवले ते वाचावे. ही सूचना विचित्र वाटेल, म्हणून तिचे मूळ सांगतो.

साधारण २००३ सालची गोष्ट. आमच्याकडेही नवे मुख्य संपादक आले होते. ते माझे शिक्षक, त्यामुळे मंडळात बसूनही मी त्यांना सरच म्हणत असे. पहिल्याच बैठकीत त्यांनी तीन वर्षांचा आराखडा मांडला: केस रिपोर्ट (एकेका रुग्णाची हकिगत) कमी करायचे, आढावा लेख (एका विषयावरच्या आधीच्या संशोधनाचा गोषवारा) वाढवायचे, मोठ्या शहरांतील नामवंतांकडून लेख मागवायचे. गणित म्हणून त्यात काहीच चूक नव्हती. मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांचे चालू वर्षात इतर निबंधांत जितके उल्लेख झाले, त्यांना त्या दोन वर्षांतील लेखांच्या संख्येने भागले की इम्पॅक्ट फॅक्टर निघतो. आढावा लेखाचा उल्लेख सगळेच करतात, केस रिपोर्टचा फारसा कोणी करत नाही. मात्र गरोदर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधामुळे बाळे व्यंग घेऊन जन्माला येत असावीत, ही शंका १९६१ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आली ती मॅकब्राइड या डॉक्टरांच्या एका छोट्या पत्रातून, हे मी त्या बैठकीत बोलायला हवे होते. बोललो नाही.

त्याच सुमारास विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून एक शोधनिबंध आला. लिहिणारे बालरोगतज्ज्ञ ग्रामीण रुग्णालयात एकटेच होते, तक्ते हाताने आखलेले होते आणि सोबतच्या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. विषय ब्राँकिओलायटिसचा, म्हणजे तान्ह्या मुलांचा श्वास लागतो, छाती वाजते आणि आईवडील रात्री-अपरात्री मूल उचलून दवाखान्यात धावतात तो आजार. त्या डॉक्टरांनी दोन हिवाळे साठ-पासष्ट बाळांची नोंद ठेवली होती. काहींना साल्ब्युटामॉल या श्वासनलिका रुंद करणाऱ्या औषधाचे नेब्युलायझेशन (यंत्राने वाफेसारखे श्वासातून देणे) दिले, काहींना नुसते सलाईनचे, आणि दर काही तासांनी स्वतः श्वास मोजले. निष्कर्ष एका वाक्याचा होता: दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

तो निबंध आमच्याकडे अकरा महिने पडून राहिला. एका परीक्षकाने उत्तरच दिले नाही. दुसऱ्याने लिहिले की मर्यादा स्पष्ट मांडून घ्याव्यात आणि जरूर छापावा. सर म्हणाले, “फरक पडला नाही, हे छापायला कागद कशाला खर्च करायचा?” त्यानंतर ‘विषय स्थानिक महत्त्वाचा आहे’ असे दोन ओळींचे पत्र गेले. त्याच्याखाली सही माझी होती, आणि सही करताना निबंधाचा चर्चेचा भाग मी वाचलेलाही नव्हता.

२०१४ साली अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची ब्राँकिओलायटिसवरची मार्गदर्शक सूचना आली. या आजाराचे निदान झालेल्या तान्ह्या मुलांना साल्ब्युटामॉल देऊ नये, असे तिच्यात स्पष्ट म्हटले होते. अर्थात ती शिफारस अनेक देशांतील मोठ्या चाचण्यांवर उभी होती आणि आमच्या तालुक्यातल्या निबंधाने जगाचे मत बदलले असते, असा माझा दावा नाही. पण आमचे वाचक कोण होते? जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी रोज असली मुले तपासणारे डॉक्टर. त्यांनी, आणि त्यांच्यात मीही आलो, पुढची कित्येक वर्षे त्या मुलांना ते औषध दिले, आईवडिलांकडून त्याचे पैसे घेतले आणि मुलाची धडधड वाढली की आजारावर खापर फोडले.

मी ती सूचना छापून सरांना दाखवली. ते म्हणाले, “माणूस बरोबर होता, निबंध बरोबर नव्हता. आणि खरोखर चांगले काम असेल तर ते बाहेरच्या जर्नलकडे जातेच.” दुसरे वाक्य मला अजून खुपते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे विंचूदंशावरील काम १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत केलेल्या घरच्या घरी नवजात बालसेवेचे निष्कर्ष १९९९ साली तिथेच आले, हे खरे आहे. पण या उदाहरणांवरून गावात राहून उत्तम संशोधन होते एवढेच सिद्ध होते. ज्यांना तिथवर पोहोचता आले नाही त्यांचे काम वाईट होते, हे त्यातून कुठे निघते? आणि मोठ्या नावाचे म्हणाल, तर लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा अवघ्या १२ मुलांवरचा वेकफील्ड यांचा निबंध १९९८ साली त्याच ‘लॅन्सेट’ने छापला आणि २०१० साली मागे घेतला.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. निबंध हाती आल्यापासून पहिला निर्णय किती दिवसांत होतो, हा आकडा दर अंकात छापा. तो छापावा लागतो म्हटल्यावर मंडळ आपोआप जागे होते. चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची योजना तपासून स्वीकारण्याची सोय ठेवा, म्हणजे निकाल काहीही लागला तरी तो छापण्याचे बंधन राहते आणि ‘फरक पडला नाही’ म्हणणाऱ्या माणसाला गुन्हेगारासारखे उभे राहावे लागत नाही. मुलांच्या संमतीबाबत कडक राहा: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी अनुमती पालकांच्या संमतीबरोबर घ्यावी लागते, पण ती कशी घेतली याबद्दल बहुतेक निबंधांत एक ठराविक वाक्य असते. ते वाक्य चालवून घेऊ नका. प्रत्येक निबंधाचा दीडशे शब्दांचा मराठी गोषवारा आशाताईंना समजेल अशा भाषेत मागा. इंडेक्सिंगला दोन वर्षे थांबता येते. विशेषांकांबद्दल मला विशेष काही म्हणायचे नाही.

सरांच्या बाजूने हेही सांगायला हवे की त्या निबंधात दोष होते. बाळे आलटून-पालटून गटांत टाकली होती, श्वास मोजणाऱ्याला कोणते औषध दिले ते माहीत होते आणि आईवडिलांची संमती फक्त तोंडी होती. आज एथिक्स कमिटीने हे मान्य केले नसते. चाचण्यांची भारतीय नोंदवही, सीटीआरआय, तर २००७ साली सुरू झाली, म्हणजे तेव्हा नोंदणीची सोयच नव्हती. अशा निबंधाला नकार कदाचित योग्यही ठरला असता, पण त्याचे कारण हे दोष असायला हवे होते आणि तो अकरा महिन्यांऐवजी सहा आठवड्यांत जायला हवा होता. दोष कळवले असते तर त्या डॉक्टरांनी तिसऱ्या हिवाळ्यात ते दुरुस्त केले असते. त्यांनी आमच्याकडे पुन्हा काही पाठवले नाही.

आणखी एक: माझा अनुभव छापील अंकाच्या काळातला आणि वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलचा आहे. आपल्या जर्नलमागे मोठी प्रकाशनसंस्था असेल, तर लेखकांकडून किती शुल्क घ्यायचे आणि ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना ते माफ करायचे का, हे बहुधा आपल्या हातात नसेल. पदभार घेण्यापूर्वी तो करार मागून घ्या आणि शुल्कमाफीचे कलम कोणाच्या सहीने चालते ते बघा.