लेक सोरोरिटीत जायचं म्हणते…

प्रश्न : मुलगी ह्यूस्टनला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. सोरोरिटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या सभासद-संघटनेत, जायचं म्हणते. हे म्हणतात, ‘दारूचे अड्डे ते, काही गरज नाही.’ माझं मधल्यामधे सँडविच झालंय. – एक आई, टेक्सस

उत्तर : ताई, यजमानांची भीती खोटी नाही, फक्त पत्ता चुकलाय. जुन्या राष्ट्रीय सोरोरिटींच्या घरांत दारूला सहसा मज्जाव असतो. पार्ट्या रंगतात त्या मुलांच्या फ्रॅटर्निटींकडे. तिथे कुणाबरोबर जायचं, रात्री परत कसं यायचं, हे लेकीशी स्पष्ट बोला.

बाकी या संस्था जन्मल्या त्या स्वाभिमानातून. इंडियानातल्या ग्रीनकॅसलच्या कॉलेजात बेटी लॉक शिकत होती. मुलांच्या फ्रॅटर्निटीने तिला आपला बिल्ला लावायला देऊ केला, सभासदत्व मात्र नाही. असला अर्धवट मान तिने नाकारला आणि 1870 मध्ये तीन मैत्रिणींना घेऊन कॅपा अल्फा थीटा काढली. कृष्णवर्णीय मुलींनी 1908 मध्ये हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कॅपा अल्फा स्थापन केली. कमला हॅरिस तिच्याच सदस्य. आणि तुमच्या गावातली गोष्ट म्हणजे, दक्षिण आशियाई मुलींची डेल्टा फाय ओमेगा 1998 मध्ये ह्यूस्टन विद्यापीठातच सुरू झाली. लेकीला ती माहीत आहे का, विचारा.

मोठ्या सोरोरिटींचं ‘रश’, म्हणजे नव्या मुलींची निवड, हा थेट कांदेपोह्यांचा कार्यक्रम! घरोघर जायचं, ठेवणीतले कपडे, हसरा चेहरा, दोन्हीकडून पसंतीच्या याद्या. जुळलं की ‘बिड’, म्हणजे सामील होण्याचं आमंत्रण, येतं. नाही आलं तर पोरी ढसाढसा रडतात, त्या आठवड्यात फोन जवळ ठेवा. पुढे एक सीनियर ‘बिग’, म्हणजे मोठी बहीण, म्हणून मिळते. शपथविधी गुप्त असतो, त्याबद्दल खोदून विचारू नका.

विचारायचं ते पैशांचं. वर्गणी, टी-शर्ट, फोटो, कार्यक्रम, आणि त्या घरात राहणार असेल तर भाडं-जेवण. सगळं सेमिस्टरच्या हिशेबाने लेखी घ्या. दुसरं, नव्या मुलींचा छळ, म्हणजे हेझिंग. 2024 अखेरच्या अमेरिकन कायद्याने कॉलेजांना अशा प्रकरणांत दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती जाहीर करावी लागते. लेकीला शेजारी बसवून ती वाचा.

एक नियम मात्र तिला आत्ताच सांगा. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या सोरोरिटींच्या राष्ट्रीय महासंघातल्या एका सोरोरिटीची दीक्षा घेतली, की त्यातल्या दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीत जाता येत नाही. मन खट्टू होत असेल, तर शपथेआधीच बाहेर पडलेलं बरं.